पाय गेला की सुई? मज्जारज्जूच्या मॉनिटरिंगसाठी इलेक्ट्रोड निवडताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली चौदा वर्षांची मुलगी. पाठीला बाक, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कोलिओसिसचं ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी वॉर्डात तिला बघायला गेले, तर आईने केसांना चपचपीत खोबरेल लावून घट्ट वेणी घातलेली, वर अबोलीचा वळेसर. इस्पितळात मुलगी नीटनेटकी दिसावी, एवढीच त्या माउलीची इच्छा. मी म्हटलं, "ताई, पहाटे उठून केस दोनदा शॅम्पूने धुवायचे. तेलाचा थेंब नको." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी मुलीचं मुंडण करायला सांगितलंय.

माझी इलेक्ट्रोडची, म्हणजे अंगातले विजेचे निरोप टिपणाऱ्या किंवा ठोका देणाऱ्या सुया-वाट्यांची, निवड इथपासून सुरू होते. रुग्णाच्या डोक्यावर हात फिरवायचा, पायांची सूज दाबून बघायची, मांडीवर चरबी किती आहे ते चिमटीत धरून पाहायचं. कॅटलॉग नंतर.

मी न्यूरोमॉनिटरिंगचं काम करते. कण्याचं ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतून निरोप नीट ये-जा करतायत का, ते मशीनवर बघत बसायचं आणि काही बिनसलं तर सर्जनला वेळेत सांगायचं. मशीन गाडीच्या डिकीत असतं. आज म्हापसा, परवा मडगाव, मध्येच फोंडा. प्रत्येक ओटीची (ऑपरेशन थिएटरची) वीज वेगळी, टेबल वेगळं, भूलतज्ज्ञांच्या सवयी वेगळ्या. या कामात नव्याने येणारी मुलं मला पहिला प्रश्न हमखास एकच विचारतात, "मॅडम, चांगला इलेक्ट्रोड कुठला?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझे बाबा जत्रांच्या नाटकांना माइक लावायचे. फोंडा तालुक्यात एक देऊळ सोडलं नसेल त्यांनी. रंगमंचावर दोरीला टांगलेले चार-पाच माइक, मागे खोक्यात अँप्लिफायर, आणि ऐन प्रवेशात स्पीकरमधून घूं असा आवाज आला की अख्खं गाव मान वळवून बाबांकडे बघणार. बाबा माइक बदलायला कधी धावले नाहीत. "आधी वायर बघ," एवढंच मला सांगायचे. मी दहा वर्षांची असेन, टॉर्च घेऊन रंगमंचाखाली शिरायचे. आज ओटीत टेबलाखाली शिरते, एवढाच फरक.

आधी प्रश्न, मग इलेक्ट्रोड

चौथ्या तासाला, सर्जन कणा सरळ करायची सळी फिरवत असताना, डाव्या पायाचा सिग्नल पडला. आता संशय कुणावर घ्यायचा? मज्जारज्जूवर, भुलीवर, रक्तदाबावर, की तुम्हीच सकाळी टोचलेल्या सुईवर? इलेक्ट्रोड असे निवडायचे की हा प्रश्न आला तेव्हा त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता यावं. सकाळी सगळ्यात देखणी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची सुरुवातीची नोंद, कोण देतो, हे त्यामानाने गौण. सुंदर बेसलाइन देऊन तिसऱ्या तासाला निसटणारा इलेक्ट्रोड मला नको. जरा भरड सिग्नल देणारा, पण संध्याकाळपर्यंत जागचा न हलणारा मला चालतो.

पूर्वी हे काहीच नव्हतं. 1973 साली फ्रान्समधल्या व्होझेल, स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली वेक-अप टेस्ट म्हणजे ऑपरेशन मध्येच थांबवून रुग्णाला अर्धवट जागं करायचं आणि "पायाची बोटं हलव" म्हणायचं. हलली तर पुढे जायचं. 1980 साली इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी जागेपणी, कवटीच्या वरूनच विजेचा ठोका देऊन हात हलवता येतो हे दाखवलं, आणि आजच्या एमईपीचा, म्हणजे डोक्यावर ठोका देऊन स्नायूंचं उत्तर टिपण्याचा, रस्ता उघडला. वेक-अप टेस्ट अजूनही शेवटचा उपाय म्हणून हाताशी ठेवतात. पण ती वेळ इलेक्ट्रोडच्या गोंधळामुळे येऊ नये.

आपण ऐकतो ते मुख्यतः दोन आवाज. एक खालून वर जाणारा: घोट्याजवळच्या किंवा मनगटाजवळच्या नसेला ठोका द्यायचा आणि तो मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने मेंदूपर्यंत पोचतो का ते डोक्यावर टिपायचं. हा एसएसईपी. दुसरा वरून खाली येणारा: डोक्यावर ठोका द्यायचा आणि हातापायाचे स्नायू उत्तर देतात का ते टिपायचं. हा एमईपी. दोघांच्या आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पायाचा एसएसईपी डोक्यावर कसाबसा एक मायक्रोव्होल्ट, कधी त्याहून कमी. मेंदूच्या स्वतःच्या लहरी त्याच्या कितीतरी पट मोठ्या, म्हणून दोनशे-तीनशे ठोक्यांची सरासरी काढल्याशिवाय तो दिसतच नाही. एमईपी मात्र शेकडो मायक्रोव्होल्टचा, एका ठोक्यात समोर. म्हणजे पहिला कुजबूज, दुसरा आरोळी. कुजबूज ऐकायला शांतता लागते, आरोळी ऐकायला योग्य जागी उभं राहावं लागतं. डोक्यावरचा इलेक्ट्रोड आवाज-गोंगाट बघून निवडायचा आणि स्नायूवरचा जागा बघून. बाकीचं बहुतेक सगळं यातूनच निघतं.

डोकं

ओपीडीत नर्व्ह टेस्ट करताना आपण चांदीच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या वाट्या पेस्ट लावून चिकटवतो. आवाजाच्या बाबतीत त्यांना तोड नाही. पण ऑपरेशनात रुग्ण पालथा, पाच-सहा तास, कपाळ फोमच्या उशीत, भूलतज्ज्ञ मधूनमधून तोंडातली नळी तपासणार. वाट्या पक्क्या बसवायच्या तर कोलोडियन हवं, वाळून घट्ट होणारा चिकट द्राव. ते वाळवत बसायचं, त्याचा उग्र वास, ते पेट घेणारं, आणि शेवटी काढायला पुन्हा अ‍ॅसिटोन. मी ओटीत ते वापरणं केव्हाच सोडलं.

टाळूवर माझी पहिली पसंती कॉर्कस्क्रूला. बारीक स्प्रिंगसारखी सुई, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक-दीड फेरा दिला की त्वचेत अडकते. तेलकट केस असोत की दाट, ती ओढली तरी सहसा निघत नाही. तरी केस धुवायला सांगते, कारण तेलात टेप चिकटत नाही आणि तेलाखालच्या जंतूंवर स्पिरिट नीट पोचत नाही. एमईपीचा ठोका देण्यासाठीही हीच. सरळ बारीक सुई, साधारण 13 मिलिमीटरची, डोक्यावर चालते, पण तिला टेपचा किंवा स्टेपलरचा आधार हवा. रुग्णाला पालथं करताना पहिली निसटते ती हीच.

कॉर्कस्क्रू कुठे लावायचा नाही, हे जास्त महत्त्वाचं. तान्ह्या मुलाची टाळू भरली नसेल तर त्या मऊ जागेवर नाही. कवटीचं हाड काढलेलं असेल तिथे नाही. मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी शंटची नळी जिथून जाते तिथे नाही. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोटाने चाचपून बघा. फाइलमध्ये लिहिलेलं असतंच असं नाही.

जागा मोजूनच लावायच्या, अंदाजाने नाही. 1958 साली जॅस्परने मांडलेली 10-20 पद्धत, म्हणजे डोकं मोजून इलेक्ट्रोडच्या ठरावीक नावाच्या जागा काढायची रीत, आपण सगळे शिकतो, पण ओटीत घाई झाली की मोजायचा टेप खिशातच राहतो. पायासाठी सीपीझेड, म्हणजे डोक्याच्या मधोमध असलेल्या सीझेडच्या साधारण दोन सेंटिमीटर मागे. हातांसाठी सीपी3 आणि सीपी4. संदर्भासाठी पुढे एक. पुस्तकात बहुतेक ठिकाणी तो कपाळावर, एफपीझेडला दिलेला असतो. पण पालथ्या रुग्णाचं कपाळ उशीत रुतलेलं असतं. तिथे सुई किंवा स्क्रू ठेवला तर सहा तासांनी कपाळावर जखम. मी तो केसांच्या रेषेच्या मागे, एफझेडला ओढते. सिग्नल किंचित लहान होतो. होऊ दे.

एक गंमत पायाच्या एसएसईपीची. डाव्या पायाचा निरोप मेंदूच्या उजव्या भागात पोचतो, पण तो भाग दोन अर्धगोलांच्या मधल्या खाचेत असल्याने त्याची लाट टाळूवर बऱ्याचदा डाव्याच बाजूला जास्त उठून दिसते. म्हणून सीपीझेड, सीपी3 आणि सीपी4 हे तिन्ही लावून ठेवायचे आणि त्या रुग्णात कुठली जोडी सगळ्यात स्वच्छ दिसते ते बघून तीच धरायची. सगळ्यांना एकच जोडी लावणारे आयुष्यभर "या पेशंटचे सिग्नलच खराब" म्हणत बसतात.

इम्पिडन्सबद्दल, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये विजेला होणाऱ्या अडथळ्याबद्दल, थोडं. पाच किलोओहमच्या खाली आणा, हे सगळे सांगतात, बरोबरच आहे. पण जोडीतले दोघे एकमेकांच्या जवळ असणं त्याहून महत्त्वाचं. मशीन दोघांना सारखाच ऐकू येणारा आवाज वजा करतं. दोघेही थोडे बहिरे असले तरी वजाबाकी बरोबर होते. एक बहिरा आणि दुसरा तिखट कानाचा असला, तर भिंतीतल्या 50 हर्ट्झची घूं उरते आणि ती थेट तुमच्या लाटेवर चढते. एका जोडीत धातूही मिसळायचे नाहीत. एकीकडे चांदीची वाटी आणि दुसरीकडे स्टीलची सुई, असं केलंत तर रेघ झोके घेत राहते. दोन्ही सुया किंवा दोन्ही वाट्या. आणि सुईचा आकडा वाटीपेक्षा जास्त आला म्हणून घाबरू नका. तो दिवसभर तसाच राहतो का, ते बघा.

वाटेतले साक्षीदार

खर्च कमी करायचा म्हणून लोक सगळ्यात आधी मान आणि गुडघ्यामागचे इलेक्ट्रोड गाळतात. माझ्या मते सगळ्यात शेवटी गाळावेत असे हेच.

घोट्यावर दिलेला ठोका आधी गुडघ्याच्या मागच्या खळग्यातून जातो, मग मज्जारज्जूतून वर मानेपाशी, मग मेंदूच्या पृष्ठभागावर, साधारण 37 मिलिसेकंदांनी. या वाटेवर तीन ठिकाणी कान ठेवले असतील तर सिग्नल पडल्यावर तपास सोपा होतो. गुडघ्यामागची लाटच गेली असेल तर ठोकाच पोचत नाहीये: घोट्यावरचा इलेक्ट्रोड सुटला, किंवा पाय दबला. मज्जारज्जूचा यात काही दोष नाही. गुडघ्यामागची आहे, मानेची आहे, फक्त डोक्यावरची मंदावली, तर भूलतज्ज्ञांकडे बघायचं. गॅस वाढला असेल, कारण मेंदूच्या पृष्ठभागावरची लाट गॅसने लगेच दबते आणि मानेपाशी टिपलेली तुलनेने तग धरते. आणि गुडघ्यामागची ठणठणीत, पण मानेची आणि डोक्यावरची दोन्ही पडली, तर खुर्चीवरून उठून सर्जनला मोठ्याने सांगायचं. लाटेची उंची बेसलाइनच्या निम्म्याहून कमी किंवा पोचायचा वेळ 10 टक्क्यांनी जास्त, ही नेहमीची धोक्याची रेघ.

हाताच्या एसएसईपीला हेच काम गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वरचा अर्बचा बिंदू करतो. गुडघ्यामागे मी जेलचे चिकट इलेक्ट्रोड लावते, तिथे त्वचा पातळ असते. मानेवर, सर्जनच्या क्षेत्रापासून दूर असेल तर, सुई. मानेचंच ऑपरेशन असेल तर कानामागच्या हाडावर सरकवते.

पाठीचं ऑपरेशन असलं तरी हातांना इलेक्ट्रोड लावायचेच. हातांचा निरोप ऑपरेशनच्या जागेच्या वरूनच परततो. हात-पाय दोन्ही एकदम मंदावले तर भूल किंवा रक्तदाब. फक्त पाय गेले तर गोष्ट गंभीर. आणि एकच हात हळूहळू मंदावत असेल, तर बहुधा टेबलावर हात वर ताणून ठेवल्यामुळे खांद्यातल्या नसा दबल्यात. हात थोडा खाली घेतला की लाट परत येताना मी कितीदा तरी पाहिली आहे.

स्नायू, आणि माझी फजिती

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका इस्पितळात वापरलेल्या सुया धुऊन, निर्जंतुक करून परत द्यायची पद्धत होती. मी नवी, बोलायची हिंमत नव्हती. त्या दिवशी सुयाही मोजक्याच मिळाल्या, म्हणून प्रत्येक पायाला एकच स्नायू धरला: नडगीच्या बाहेरचा टिबिआलिस अँटिरिअर. सर्जनने सळी फिरवली आणि डाव्या पायाची रेघ सपाट. मी ओरडले. सर्जनने सळी सैल केली, भूलतज्ज्ञांनी रक्तदाब वर नेला, सगळे श्वास रोखून. पाच मिनिटं, दहा, पंधरा. रेघ सपाटच. सर्जन मास्कमधून म्हणाले, "कितें गेलें गो? पांय काय सूय?"

आणि मला उत्तर देता येईना. पाय गेला की सुई, हे सांगायला माझ्याकडे दुसरा साक्षीदारच नव्हता. मग बाबा आठवले. इम्पिडन्स तपासला, तो चॅनल उघडा पडलेला. टेबलाखाली शिरले. सुई जागेवर, टेप जागेवर, पण सुईच्या मुठीपाशी वायर आतून तुटलेली. वरचं प्लास्टिक धड असल्याने डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. धुण्या-उकळण्याने असंच होतं. नवी सुई टोचली आणि पहिल्याच ठोक्याला लाट छताला लागली. पंचवीस मिनिटं पाठ उघडी ठेवून एक निरोगी मज्जारज्जू आम्ही संशयित म्हणून उभा केला होता.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. एकदा टोचलेली सुई परत वापरायची नाही. संसर्गाचा धोका तर आहेच, पण हा वायरीचा धोका कुणी मोजत नाही. दुसरा, प्रत्येक पायाला निदान दोन स्नायू. टिबिआलिस अँटिरिअर आणि तळपायाचा अ‍ॅबडक्टर हॅल्युसिस. हा दुसरा लहानसा स्नायू एमईपीला फार इमानदार आहे. मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागाशी त्याचा संबंध दाट असल्याने बाकी स्नायू कुरकुरत असतानाही तो बहुधा उत्तर देतो. हातात त्याच कामाचा अंगठ्याच्या बुडाचा स्नायू, किंवा करंगळीकडचा. कुठला घ्यायचा ते भूलतज्ज्ञांनी आर्टेरिअल लाइन (रक्तदाब बघायची धमनीतली नळी) कुठल्या मनगटात घातली त्यावर ठरवते. त्यांच्याशी जागेवरून भांडण काढण्यात अर्थ नसतो.

पातळीप्रमाणे स्नायू बदलतात. मानेचं असेल तर डेल्टॉइड, बायसेप्स, ट्रायसेप्स आणि हाताचा लहान स्नायू, शिवाय दोन्ही पाय. डेल्टॉइड विसरू नका, मानेच्या ऑपरेशननंतर खांदा न उचलण्याची तक्रार पाचव्या नसेची असते. कमरेचं असेल तर मांडीचा पुढचा, नडगीचा, पोटरीचा, तळपायाचा. मज्जारज्जूच्या टोकाशी किंवा त्याखालच्या नसांच्या झुपक्यात काम असेल तर गुदद्वाराच्या स्नायूलाही दोन्ही बाजूंना सुया हव्यात. हे रुग्णाला आदल्या दिवशी स्वतः सांगा, नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा. सुया भूल दिल्यावर, चादर नीट पांघरून, शक्यतो एकाच सिस्टरच्या मदतीने लावायच्या. आपल्याकडे लोक लाजतात, पण नीट समजावलं तर नाही म्हणत नाहीत.

सुई की जेल? सडपातळ माणसाच्या तळपायावर दोघांत फार फरक दिसत नाही. जाड मांडीवर दिसतो. 13 मिलिमीटरची सुई चरबीतच थांबते आणि स्नायूऐवजी चरबीचं मौन टिपत बसते. तिथे लांब सुई घ्या. जोडीतल्या दोन सुया स्नायूच्या फुगीर भागात, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मी शक्य तिथे जेल वापरते. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हातात किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणाऱ्या हातात सुई नाहीच. त्वचेवर खाज, गजकर्ण, पुरळ असेल तिथेही नाही. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत हे सर्रास सापडतं.

एमईपीच्या ठोक्याने जबडा आवळतो. दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये मऊ गुंडाळी आहे आणि जीभ मध्ये नाही, हे पालथं केल्यावर पुन्हा बघायचं. इलेक्ट्रोडशी याचा संबंध नाही, पण फाटलेली जीभ बघितल्यावर हे कुठेही सांगावंसं वाटतं.

थेट मज्जारज्जूवर

मज्जारज्जूच्या आतल्या गाठीचं ऑपरेशन असेल तर त्वचेवरचे आणि स्नायूंवरचे इलेक्ट्रोड पुरत नाहीत. तिथे डी-वेव्ह हवी. दोन-तीन धातूच्या कड्या असलेली बारीक नळी सर्जन ड्युराच्या (मज्जारज्जूवरच्या आवरणाच्या) वर किंवा आत, गाठीच्या खालच्या बाजूला सरकवतात आणि डोक्यावरच्या एकाच ठोक्याची लाट थेट मज्जारज्जूवर टिपली जाते. तिला सरासरी जवळजवळ लागत नाही, आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा तिच्यावर परिणाम होत नाही. स्नायूंचा एमईपी गेला, पण डी-वेव्ह निम्म्याच्या वर टिकली, तर पायाची कमजोरी सहसा तात्पुरती ठरते. गाठ किती काढायची, हा निर्णय त्यावर फिरतो.

तिच्या मर्यादा माहीत नसतील तर मात्र ती फसवते. छातीच्या खालच्या मणक्यांपाशी, साधारण दहाव्या-अकराव्याच्या खाली, त्या तंतूंची संख्याच इतकी कमी होते की टिपण्याजोगं काही उरत नाही. तिथे हट्टाने नळी घालू नये. स्कोलिओसिसमध्ये कणा फिरवताना मज्जारज्जू आणि नळी यांची एकमेकांसापेक्ष जागा बदलते आणि लाट विनाकारण लहान-मोठी होते, म्हणून त्या सत्तरीच्या मुलीला मी ती सुचवलीही नाही. आणि जिथे वापराल तिथे सर्जनला नम्रपणे सांगा, नळीला एक टाका घाला. रक्त पुसताना गॉजबरोबर ती सरकली, तर पुन्हा तोच प्रश्न: पाय की सुई.

वायर, टेप आणि पाऊस

गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की वॉर्डातून ओटीत येईपर्यंत रुग्णाची पाठ घामेजलेली. कागदी मायक्रोपोर तासाभरात सुटतो. मी आधी कोरड्या गॉजने पुसते, स्पिरिट लावते, ते पूर्ण वाळू देते, आणि कापडी टेप वापरते. वायरीचा एक लहान वेढा करून त्यावर दुसरा टेप, म्हणजे ओढ बसली तरी ती वेढ्यावर बसते, सुईवर नाही. जेलचे इलेक्ट्रोड मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. फोडलेल्या पाकिटातले तर ठेवूच नका, जेल पापडासारखं वाळतं. तारीख बघा.

जोडीतल्या दोन वायरी एकमेकींत गुंफायच्या. डाव्या पायाच्या सगळ्यांची एक वेणी, उजव्याची दुसरी. मोकळ्या लोंबणाऱ्या दोन वायरींमध्ये जेवढी जागा, तेवढी घूं आत शिरते. कॉटरीच्या (विजेने कापणाऱ्या-डागणाऱ्या उपकरणाच्या) आणि विजेच्या केबलला समांतर न्यायच्या नाहीत. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. कॉटरीची प्लेट मांडीवर असेल तर कॉटरी आणि प्लेट यांच्यामधल्या वाटेत सुया शक्य तितक्या टाळा. प्लेट नीट चिकटली नसेल तर ती वीज सुईच्या टोकातून वाट काढते, आणि एवढ्याशा टोकाला भाजायला फार वेळ लागत नाही.

एवढं करूनही घूं राहिलीच, तर टेबलाची मोटर, गरम हवेची चादर, सलाईनचे पंप, एकेक प्लग काढून बघा. मशीनवरचा 50 हर्ट्झचा नॉच फिल्टर दाबायचा मोह होतो. तो टाळा. ठोक्याच्या आवाजाला तो शेपटी फोडतो आणि ती शेपटी खऱ्या लाटेसारखी दिसते. ठोक्यांचा वेगही सेकंदाला नेमका 5 ठेवू नका. 50 ला 5 ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे घूं दर वेळी त्याच जागी येऊन सरासरीत जमा होते. मी 4.7 ठेवते.

रुग्ण पालथा झाला की चादर पांघरण्याआधी प्रत्येक स्नायूवर बोटाने टिचकी मारा आणि त्याच नावाच्या चॅनलची रेघ हलते का बघा. डावं-उजवं इथे हमखास उलटं होतं. आपण पाठीकडून बघत असतो आणि मन अजून पोटाकडून विचार करत असतं. माझी खूण ठरलेली आहे, डावीकडच्या सुयांच्या मुठींना निळा टेप, उजवीकडच्यांना लाल. मानेचं हाड मोडलेल्या रुग्णात पालथं करण्याआधीही एक बेसलाइन घेते आणि नंतर दुसरी. त्या उलटापालटीत इलेक्ट्रोड टिकले पाहिजेत, म्हणून अशा रुग्णाला डोक्यावर सरळ सुई एकही नाही.

काढताना

टोचताना प्रत्येक सुई मोजून फळ्यावर आकडा लिहायचा. त्या मुलीला एकूण 32 होत्या. ऑपरेशन संपलं, तिला उताणं करायची वेळ आली, आणि चार जणांनी चादर धरली. मी ओरडून सांगितलं, "थांबा, अजून सुया आहेत!" उचलताना चादरीखालची सुई कुणाच्या बोटात जाईल सांगता येत नाही. आधी हातापायाच्या काढल्या, मग डोक्याच्या. कॉर्कस्क्रू उलटा फिरवून काढायचा. घाईत ओढला तर टाळूतून भळाभळा रक्त येतं, आणि नातेवाईक पाठीच्या टाक्यांआधी तेच बघतात. नंतर एमआरआय होणार असेल तर हा आकडा दुप्पट महत्त्वाचा.

एकतीस झाल्या. बत्तिसावी सापडेना. सिस्टरने चादर झटकली, मी टेबलाच्या कडा चाचपल्या, खाली टॉर्च मारला. शेवटी मुलीच्या केसांत, अजून ओलसर असलेल्या वेणीच्या बुडाशी, एफझेडचा कॉर्कस्क्रू निघाला. तो सुटा नव्हताच, मीच केसांखाली विसरले होते. उलटा फिरवला, पांढऱ्या शार्प्सच्या डब्यात टाकला, फळ्यावरच्या 32 वर रेघ मारली. भूलतज्ज्ञ तिला उठवत होते, म्हणाले, "पायाची बोटं हलव बघू." दहाही हलली.